निळ्या कागदातली वांगी

पुण्याच्या जुन्या बाजारात मी कंदिलाची काच घेतली, ती एका छापील कागदात गुंडाळून मिळाली. खोलीवर आल्यावर काच बाजूला ठेवली आणि कागद वाचत बसलो. मला छापलेलं काही टाकवत नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, त्यामुळे कुठला कागद कामाचा आणि कुठला बिनकामाचा हे सांगणारं कुणी नव्हतं.

ते कुठल्याशा विलायती मासिकाचं पान होतं आणि त्यावर कागदाच्या पिशवीत स्वयंपाक कसा करावा ते लिहिलं होतं. पिशवीला आतून तेल किंवा लोणी लावायचं, भाजी आत घालायची, तोंड चिकटवायचं आणि पिशवी तापलेल्या भट्टीत ठेवायची. धूर नाही, भांडी घासणं नाही. कागद जळत नाही, असं मुद्दाम बजावलं होतं. शेवटची ओळ अशी होती: "कागद जाड असावा, स्वच्छ असावा आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे". तिथे पान संपत होतं. मागे छत्र्यांची जाहिरात होती.

सर्वांत महत्त्वाचं काय असेल, यावर मी बराच विचार केला. शेवटी ठरवलं, कागदाला भोक नसावं. मग ते पान त्रिकोणमितीच्या पुस्तकात घालून दिवाळीच्या सुटीला सोलापूरला आलो.

वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे यंत्रमागावर होते. गिरणीजवळच्या चाळीत आमच्या दोन खोल्या. शेजारी तेलुगू विणकरांचं घर, त्यांचा हातमाग दिवसभर चाले. आमच्या आतल्या खोलीला खिडकी नव्हती आणि चूल तिथेच. आईचे डोळे बारा महिने लाल असत. ते पान वाचताना "धूर नाही" या दोन शब्दांखाली मी पेन्सिलीने रेघ ओढली होती, हे खरं आहे. पण ते पान पुस्तकातून बाहेर निघालं ते आईच्या डोळ्यांसाठी नाही. ते तात्यांमुळे निघालं, आणि याची मला थोडी लाज वाटते.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. मोडनिंबजवळची आमची जमीन ते बघत आणि घरातला शेवटचा शब्द त्यांचा असे. मी पुण्याला गेलो तो त्यांच्या होकारावर. त्या दिवाळीत मोडनिंबच्या एका अडत्याला इंग्रजी तार वाचता येईल असा मुलगा पेढीवर हवा होता. तार वाचण्यापुरतं इंग्रजी मला आलेलंच आहे, मग पुढे शिकून काय करायचं, असा तात्यांचा सरळ हिशेब. ते शेंगा आणि वांगी घेऊन सोलापूरला आले होते. दोन दिवस राहून दुसऱ्या संध्याकाळच्या गाडीने परत जाणार होते, आणि जाण्याआधी ठरवणार होते, मी पुण्याला जायचं की पेढीवर.

आल्या दिवशीच त्यांनी विचारलं, "काय काय शिकवत्यात रं तितं?"

मी म्हणालो, "उष्णता, प्रकाश, ध्वनी."

"उष्णता?"

"होय तात्या."

"ती शिकाय पुन्याला कशाला जायाचं? आयच्या चुलीम्होरं बस की. फुकाट शिकवती ती."

आई तात्यांशी समोरासमोर बोलत नसे. पदर पुढे ओढून दाराआड उभी राही आणि जे सांगायचं ते मला सांगे. ते तात्यांना ऐकू जाई, आणि तसं ते जावं म्हणूनच सांगितलेलं असे. ती आतून म्हणाली, "तात्यास्नी म्हणावं, ध्वनी बी हाय घरात. शेजारचा माग ऐका म्हणावं."

हा टोमणा मला होता की तात्यांना, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण तात्या हसले, आणि मी घाबरलो. काहीतरी असं सांगायला हवं होतं की जे चुलीपुढे बसून शिकता येत नाही. माझ्या तोंडून निघालं, "तात्या, कागदात वांगं शिजतं. कागद जळत नाही."

"कागुद जळत न्हाय?"

"नाही."

"मग तलाठ्याचं दप्तर जळालं त्ये कसं?"

मी विचार करून म्हणालो, "त्याला आतून तेल लावलेलं नसेल."

तात्यांनी वांग्यांची पाटी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "दाव मग. उद्याच्याला म्या आणल्याली वांगी कागदात शिजीव. कागुद न्हाय जळला तर बगू पुन्याचं."

पहिला प्रयोग मी त्याच दिवशी आईच्या चुलीत केला. भुसाऱ्याकडून साखर आलेली कागदाची पुडी घेतली, तेल लावलं, एक वांगं घातलं आणि निखाऱ्यांवर ठेवली. जितका वेळ हे सांगायला लागला, तितकासुद्धा ती टिकली नाही. आईने चिमट्याने वांगं बाहेर ओढलं आणि उलटून पाहिलं.

"वांगं कच्चं हाय, पर कागुद चांगला भाजलाय," ती म्हणाली.

मी चूक शोधली. लेखात भट्टी म्हटलं होतं. चुलीत कागदाला निखारा लागतो, भट्टीत चहूबाजूंनी नुसती गरम हवा असते. म्हणजे भट्टी पाहिजे. ती आमच्या गल्लीच्या टोकाला होती, पावाची. भट्टीवाले चाचा दिवाळीच्या आधी आसपासच्या घरांची नानकटाई भाजून देत. बायका घरून पत्र्यावर नानकटाई थापून नेत, ओळखीसाठी कुणी मधोमध वेलदोडा टोचत, कुणी बोटाचा ठसा उमटवत. नानकटाई सगळ्यांना चाले, कारण ती फराळाची. पण वांग्याची भाजी म्हणजे जेवण. आणि तात्या माळकरी. घराबाहेर ते पाणीसुद्धा आपल्या तांब्यातलं पीत. मुसलमानाच्या भट्टीतली भाजी त्यांच्या पानात कशी पडणार?

इथे मी जे केलं त्याबद्दल आता मला बरं वाटत नाही, पण तेव्हा मोठी अक्कल वाटली होती. मी म्हणालो, "तात्या, पिशवी आई आपल्या हाताने बंद करणार. ती उघडायची घरातच. आतल्या वांग्याला मधे कुणाचाही हात लागत नाही."

तात्या या प्रश्नात रंगले. त्यांनी पानसुपारी काढली. कागद हा विटाळ अडवतो की नाही, यावर ते सुपारी संपेपर्यंत बोलले. "म्या आगगाडीत भाकरी फडक्यात बांधून आणतो," ते म्हणाले. "डब्यात धा जातीची मानसं. समद्यांची ढोपरं फडक्याला लागत्यात. पर भाकरी काय बाटत न्हाय. मग फडक्याला चालतंय त्ये कागदाला का न चालावं? पर जाड पायजे कागुद. पातळ न्हाय चालायचा."

आई आतून म्हणाली, "तात्यास्नी म्हणावं, आन जाळ? जाळ त्याचाच हाय की."

"जाळाला जात न्हाय," तात्या म्हणाले आणि सुपारी थुंकायला उठले. त्यांचा निकाल झाला होता.

म्हणजे कागद जाड हवा, हे लेखालाही मान्य होतं आणि तात्यांनाही. जाड कागद शेजारी होता. विणकरांकडे सुताचे गठ्ठे येत, ते जाड निळ्या कागदात बांधलेले असत. शेजारच्या अक्कांनी चार ताव दिले. मी एकेक ताव उजेडाकडे धरून पाहिला. कुठेही भोक नव्हतं.

मी निष्काळजी होतो असं कुणी समजू नये. चिकटवायला खळ लागणार होती आणि बाजारच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात, हे मला माहीत होतं. मोरचूद हे विष आहे. म्हणून मी आईला घरच्या गव्हाच्या पिठाची खळ करायला लावली. तिने दोन पिशव्या सुंदर केल्या, कोपरे दुमडून. आतून तेल लावलं. शेंगदाण्याचं कूट, तिखट, मीठ भरलेली वांगी एकेका पिशवीत तीन-तीन ठेवली आणि तोंडं चिकटवली.

चाचांनी पिशव्या हातात घेतल्या नाहीत. लांब दांड्याचं लाकडी फावडं माझ्यापुढे केलं आणि म्हणाले, "इसपे रख बाबू. मेरेको मालूम है, हात नक्को लगाना."

मी पिशव्या फावड्यावर ठेवल्या. ते हसले. "भट्टी के अंदर की आग को पूछ के आया क्या, वो कौन जात की है?"

मी म्हणालो, "जाळाला जात नसते, असं आमचे तात्या म्हणतात."

"हौ? तो फिर तेरे तात्या को बोल, एक दिन आके चाय पीना." मग ते पिशव्यांकडे बघून थांबले. "ये रंगीन कागज कायको लाया? रंगीन नक्को बाबू. सादा ला."

मी त्यांना समजावलं की लेखात जाड कागद सांगितला आहे, आणि हा जाड आहे. लेख इंग्रजी आहे, हेही मी सांगितलं. चाचांनी मान हलवली. पाव काढून झाला होता. त्यांनी भट्टीच्या तळावर चिमूटभर पीठ टाकलं, ते सावकाश तांबूस होईपर्यंत पाहिलं आणि मगच पिशव्या आत सारल्या. एवढ्या तापात कागद जळणार नाही, हे त्यांना लेख न वाचता कळत होतं.

कागद जळला नाही. नुसता गडद झाला आणि कडांना कुरकुरीत. मी पिशव्या पाटीत घालून घरी आलो, तेव्हा अक्कांसकट निम्मी चाळ आमच्या दारात होती. तात्यांनी पिशव्या उलटसुलट करून प्रत्येक जोड तपासला. "कुटं बी उगडल्याला न्हाय," ते म्हणाले. आईने पिशव्या फाडल्या. चिमूटभरसुद्धा राख नव्हती, आणि वांगी लोण्यासारखी मऊ झाली होती.

तात्या आतल्या खोलीत जेवायला बसले. तिथे दिवसासुद्धा अंधारच. त्यांनी सहाही वांगी खाल्ली. मी आणि आई नंतर जेवणार होतो, तोवर उरलीच नाहीत.

"लई ब्येस," तात्या म्हणाले. "तेल कमी, आन चव किती! जा बाबा पुन्याला. अडत्याला सांगतो, दुसरं पोरगं बग म्हणून."

मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या हातावर पाणी घालायला स्वतः तांब्या घेऊन अंगणात गेलो. उन्हात त्यांनी चूळ भरली आणि टाकली. ती निळी होती.

अक्का पायरीवर बसल्या होत्या. "अय्यो!" एवढंच म्हणून त्यांनी तोंडाला पदर लावला. तात्यांना वाटलं, अक्का वांग्यांची गोष्ट ऐकून थक्क झाल्या आहेत. ते त्यांच्याकडे बघून तोंडभर हसले. जीभ निळी. दात निळसर. पांढऱ्या मिशांची खालची कड कुणीतरी शाईने रेघ मारल्यासारखी.

जांभळ्या वांग्यावर, अंधाऱ्या खोलीत, कुणाला काही दिसलं नव्हतं. सर्वांत महत्त्वाचं काय असावं, हे मला तिथे अंगणात कळलं.

तात्या बाजेवर आडवे झाले आणि लगेच घोरू लागले. मी उशाशी बसलो. प्रयोगशाळेत मला एकच निळी वस्तू ठाऊक होती, मोरचूद. खळीतला मोरचूद मी टाळला होता आणि कागदावाटे कदाचित तोच घातला होता. मी तात्यांच्या छातीकडे बघत होतो. त्यांचं घोरणं थांबलं की माझा श्वास थांबे. एकदा ते बराच वेळ थांबलं, तेव्हा मी नाकाशी बोट नेलं. तात्यांनी एक डोळा उघडला.

"काय बगतोस रं? मेलोय का?"

"नाही तात्या."

"मग झोपू दे की."

मी उठून आतल्या खोलीत गेलो. मोरचुदाच्या पाण्यात चकचकीत लोखंड बुडवलं तर त्यावर तांब्याचा थर चढतो, हे आम्हाला करून दाखवलं होतं. वडिलांचा सदरा ज्यावर टांगतात तो खिळा मी भिंतीतून उपसला आणि दगडावर घासून चकचकीत केला. पितळेचं भांडं वापरून चालणार नव्हतं, कारण त्यात तांबं असतं. कान तुटलेला चिनी मातीचा कप घेतला. उरलेला निळा कागद फाडून त्यात टाकला, वर उकळतं पाणी आणि चिंचेचा कोळ ओतला. मग खिळा दोऱ्याने आत सोडला आणि वाट बघत बसलो.

आई जात्यापाशी होती. तिने हे सगळं बघितलं आणि विचारलं, "आता खिळा शिजीवतोस व्हय?"

मी तिला सांगितलं. ती डोळे पुसून म्हणाली, "तात्यास्नी सांग."

"सांगितलं तर पुणं गेलं."

"आन न्हाय सांगितलं, आन गाडीत त्यांच्या पोटात कळ आली, तर? डाक्तर इचारंल काय खाल्लं, त्ये सांगतील वांगं."

हे मला सुचलं नव्हतं. मी खिळा बाहेर काढला. तो होता तसाच पांढरट चकचकीत होता. पुन्हा बुडवला, पुन्हा काढला. तांब्याचा ठिपकाही नाही. कप, खिळा आणि खिशातला आरसा घेऊन मी तात्यांपुढे गेलो. ते पटका बांधत होते. गाडीला थोडाच वेळ होता.

मी आधी आरसा दिला. त्यांनी जीभ काढून पाहिली. मग मिशी पाहिली. मग पुन्हा जीभ. मी सगळं सांगितलं: कागदाचा रंग, मोरचूद, खिळा, आणि चाचांनी रंगीत कागद नको म्हटलं होतं तेही. हे शेवटचं सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण एकदा सुरू झाल्यावर मला थांबता आलं नाही.

"म्हंजी भट्टीवाल्याला कळत हुतं," तात्या सावकाश म्हणाले, "आन तुला न्हाय."

"नाही."

"त्यो कुटल्या कालेजात शिकला?"

मी खिळा पुढे केला. तात्यांनी खिळा हातात घेऊन उजेडात धरला.

"ह्येच्यावर तांबं चढलं असतं तर मोरचूद. व्हय?"

"होय."

"न्हाय चढलं. म्हंजी मोरचूद न्हाय. पक्कं?"

"पक्कं."

"मग काय हाय?"

 काहीतरी ठोकून देता आलं असतं. तात्यांना रसायनशास्त्र येत नव्हतं. पण त्यांच्या मिशा निळ्या होत्या आणि त्या माझ्यामुळे झाल्या होत्या.

"ते मला येत नाही, तात्या. रंगांचं पुढच्या वर्षी शिकवतात."

तात्यांनी पटक्याचा शेव खोचला. त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या आणि त्या रागाच्या आहेत की विचाराच्या, हे मला कळेना.

"म्हंजी माज्या पोटात काय गेलंय, त्ये कळाय तुला पुन्यात आजून एक वरीस ठिवाय पायजे."

मी काही बोलायच्या आत दाराआडून आई म्हणाली, "तात्यास्नी म्हणावं, दोन वर्सं ठिवा. एका वर्सात ह्याला काय कळतंय!"

तात्या हसले. निळ्या तोंडाने, मोठ्याने, इतके की शेजारचा माग थांबला. मग उपरण्याने मिशा घासत घासत गाडीला निघाले. मी ट्रंक घेऊन मागे चाललो होतो. भट्टीपाशी ते थांबले. आत गेले नाहीत, चहाही प्यायले नाहीत. पण चाचांना म्हणाले, "आवो, पुढल्या वक्ताला ह्यो आला की कान धरा ह्याचा. आमची परवानगी हाय." चाचांनी त्यांची मिशी बघितली आणि हसू दाबत कपाळाला हात लावून सलाम केला.

पुण्याला परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी तो कागद प्रयोगशाळेतल्या मदतनीस शिक्षकांना दाखवला. पुढच्या वर्षापर्यंत थांबण्याची काही गरज नव्हती. त्यांनी तुकड्यावर आम्लाचे थेंब टाकले. रंग उडाला आणि कुजक्या अंड्यांसारखा वास आला. "धुण्याची नीळ," ते म्हणाले. "पण कुठल्याही रंगीत किंवा छापील कागदात पुन्हा काही शिजवू नका. आणि हे कुणाला खायला घातलं असलं तर ते सांगू नका."

आता मी कोड्यात पडलो. तात्यांना उत्तर कळवलं, तर मला पुण्यात ठेवण्याचं कारणच संपत होतं. चार दिवस कार्ड लिहिलं नाही. ते चारही दिवस मला बरे गेले नाहीत. शेवटी लिहिलं: "ती. स्व. तात्यांस सा. न. वि. वि. आपल्या पोटात गेला तो रंग धुण्याची नीळ असल्याचे कळले. आपल्या धोतरास घालतात तीच. काळजी नसावी."

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. अक्षर गावच्या मास्तरांचं होतं, मजकूर तात्यांचा. तब्येत ठीक आहे, मिशी अजून उन्हात निळसर दिसते, गावात लोक विचारतात. पुढे लिहिलं होतं: "नीळ धोतरास चालते हे आम्हांस ठाऊक आहे. पोटास चालते किंवा कसे, ते शिकून कळवणे. घाई करू नये."